बहात्तर तास आणि दहा वर्षं

तुम्ही शेवटचे पेपर कधी टाकलेत? आणि कशासाठी? पॅकेजसाठी, बॉसच्या रोजच्या कटकटीमुळे, की ऑफिस हिंजवडीला हललं म्हणून? आमच्या ग्रुपमध्ये दर अप्रेझलनंतर किमान दोन जण पेपर टाकतात आणि मग आम्ही सगळे त्यांच्या खर्चाने बिर्याणी खातो. मी स्वतः दोन नोकऱ्या सोडल्या. एक पैशांसाठी, दुसरी झोपेसाठी. (न्यूज डेस्कची नाइट शिफ्ट ज्याने केलीय, त्याला जास्त सांगायला नको.) आता फ्रीलान्सिंग करते, म्हणजे पैसेही नाहीत आणि झोपही नाही. असो!

मुद्दा असा, की नोकरी सोडण्याची आपली कारणं साधारण घर, पगार आणि साहेब यांच्याभोवती फिरतात. त्यामुळे ‘फायलीतलं विज्ञान खरं होतं आणि साहेबांनी ते बाजूला सारलं’ एवढ्या एका कारणासाठी सरकारातली मोठी खुर्ची सोडणारी बाई मला भेटली, तेव्हा मी चाटच पडले. भेटली म्हणजे कागदावर. तिचं नाव डॉ. सुझन वुड.

मास कॉमला असताना एका असाइनमेंटसाठी आम्हाला एकेक सरकारी अहवाल वाचून त्यातली बातमी शोधायची होती. कुणाला धरणं मिळाली, कुणाला रेल्वे. माझ्या वाट्याला आला अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या कार्यालयाचा, म्हणजे जीएओचा, नोव्हेंबर २००५ चा अहवाल. विषय काय, तर एका गोळीचा अर्ज कसा नाकारला गेला. म्हटलं, संपलं! आता आठवडाभर जांभया. पण तो अहवाल मी एका रात्रीत वाचून काढला. कारण त्यात ऑफिस पॉलिटिक्स होतं, आणि त्याची किंमत ऑफिसबाहेरच्या लाखो बायका मोजत होत्या.

गोळीचं नाव ‘प्लॅन बी’. आपल्याकडे ‘आय-पिल’ म्हणून जी सगळ्यांना माहीत आहे, तिचीच अमेरिकन बहीण. दोन्हींत औषध एकच, लेव्होनॉरजेस्ट्रेल. कंडोम फाटला, रोजची गोळी राहिली किंवा जबरदस्ती झाली, तर त्यानंतर बहात्तर तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर, तितकी चांगली. अंडं बाहेर पडणं ती लांबवते किंवा थांबवते. गर्भ राहिलेला असेल तर तिचा काही उपयोग नाही. म्हणजे ही गर्भपाताची गोळी नव्हे. (आणि रोज घ्यायची गोळीही नव्हे, हे आपलं जाता जाता.)

आता बहात्तर तासांचा हिशेब करा. शुक्रवारी रात्री गडबड झाली. शनिवार-रविवार डॉक्टर नाहीत. सोमवारी अपॉइंटमेंट मागितली तर मिळणार बुधवारची. संपला खेळ! म्हणून अमेरिकेतल्या डॉक्टरांचं आणि महिला संघटनांचं म्हणणं होतं, की या गोळीला डॉक्टरची चिठ्ठी नको. १९९९ मध्ये ती चिठ्ठीवर मिळायला लागली होतीच. एप्रिल २००३ मध्ये कंपनीने चिठ्ठीशिवाय विकण्याची परवानगी मागितली. मागितली कुणाकडे, तर एफडीएकडे. आपल्या बांद्र्याच्या अन्न व औषध प्रशासनालाही आपण एफडीएच म्हणतो, पण ही अमेरिकेची.

डिसेंबर २००३ मध्ये एफडीएच्या तज्ज्ञ सल्लागारांची बैठक झाली. मतदान झालं. गोळी चिठ्ठीशिवाय द्यावी, या बाजूने २३ मतं पडली आणि विरोधात ४. एफडीएच्या आतल्या ज्या विभागांनी अर्ज तपासला, त्यांचंही मत ‘द्या’ असंच होतं. एखाद्या प्रोजेक्टला टीमने, ऑडिटने आणि बाहेरच्या कन्सल्टंटने हिरवा कंदील दाखवावा, तसं. मग उरलं काय? सही!

मे २००४ मध्ये पत्र आलं. परवानगी नाही. एरवी अशा पत्रावर अर्ज तपासणाऱ्या विभागाचे प्रमुख सही करतात. त्यांना हा निर्णय मान्य नव्हता, त्यांनी सही केली नाही. सही केली वरच्या साहेबांनी, डॉ. स्टीव्हन गॅल्सन यांनी. कारण दिलं, की सोळा वर्षांखालच्या मुली ही गोळी नीट वापरतील का, याची पुरेशी माहिती नाही.

वरवर पाहिलं तर किती समंजस वाटतं, नाही? लहान मुलींची काळजी. कोण नाही म्हणेल? मलाही पहिल्या वाचनात ते पटलं होतं. मग पुढची पानं आली. १९९४ ते २००४ या काळात चिठ्ठीवरून बिनचिठ्ठीवर येण्याच्या ६७ अर्जांवर एफडीएने निर्णय दिले होते. त्यातले २३ अर्ज संयुक्त सल्लागार समित्यांपुढे गेले होते. समितीने ‘हो’ म्हटल्यावरही नाकारला गेलेला त्या २३ मधला एकच अर्ज होता. प्लॅन बीचा. शिवाय कमी वयाच्या मुलींच्या आकलनाबद्दलचा जो प्रश्न इथे विचारला गेला, तो विचारण्याची एफडीएची रीतच नव्हती. मोठ्या मुलींवरून छोट्या मुलींबद्दल अंदाज बांधणं तोवर शास्त्रीयदृष्ट्या चालत होतं. अर्जाची तपासणी पूर्ण होण्याआधीच नकार ठरला होता का, यावर तर अधिकाऱ्यांनी जीएओला परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या. एफडीएने हे निष्कर्ष मानले नाहीत, आणि निर्णय आपलाच होता असं गॅल्सन सांगत राहिले, हेही नोंदवायला हवं.

साधी गोष्ट घ्या. पॅरासिटॅमॉलची पट्टी चौदा वर्षांची पोरगीही आणू शकते. ती गोळी प्रमाणाबाहेर घेतली तर लिव्हर निकामी होऊ शकतं. पण डोकेदुखीच्या गोळीला कुणी वय विचारत नाही. कारण डोकेदुखीला चारित्र्य नसतं!

त्या वेळी अमेरिकेत जॉर्ज बुश यांचं सरकार होतं. त्यांच्या पाठीराख्यांमधल्या धार्मिक, परंपरावादी गटांचा या गोळीला विरोध होता. काहींना वाटत होतं की ती फलित अंड्याला रुजू देत नाही आणि म्हणून तो गर्भपातच. काहींना वाटत होतं की पोरं बिघडतील. या मतांची मला टिंगल करायची नाही. श्रद्धा असते, आईबापांची भीती असते, आणि लोकशाहीत ती उघड मांडायचा हक्कही असतो. कुणी तसं उघड म्हणालं असतं, की ‘आमच्या धर्माला हे मान्य नाही’, तर त्यावर वाद घालता आला असता. पण नकाराच्या पत्रात धर्म नव्हता, नीती नव्हती. पत्रात होता ‘डेटा’. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. विचारसरणी विज्ञानाशी भांडायला समोरून येत नाही. ती पांढरा कोट घालून येते आणि सौम्य आवाजात म्हणते, ‘जरा थांबा. अजून अभ्यास हवा.’

कंपनीने थांबून पाहिलंही. सोळाखालच्या मुलींना वगळून नवा अर्ज केला. म्हणजे ज्या कारणासाठी नकार, ते कारणच काढून टाकलं. मग? ऑगस्ट २००५ मध्ये एफडीएचे प्रमुख लेस्टर क्रॉफर्ड यांनी जाहीर केलं, की मोठ्या बायकांसाठी गोळी सुरक्षित आहे हे मान्य, पण एकच गोळी वयानुसार चिठ्ठीवर आणि चिठ्ठीशिवाय कशी विकायची, हा किचकट प्रश्न आहे. सबब निर्णय बेमुदत पुढे. आपल्याकडच्या मंत्रालयातल्या कुठल्याही टेबलावर शोभेल असं वाक्य!

आणि इथे सुझन वुड येतात. जीवशास्त्रात पीएचडी, एफडीएच्या महिला आरोग्य कार्यालयाच्या प्रमुख. ३१ ऑगस्ट २००५ ला त्यांनी राजीनामा दिला. सहकाऱ्यांना लिहिलं, की इथल्या तज्ज्ञांनी तपासून शिफारस केलेला शास्त्रीय पुरावा डावलला जात असेल तर मला या पदावर राहता येणार नाही. ना टीव्हीवर रडारड, ना कुणाच्या नावाने शिमगा. ज्या खुर्चीचं कामच बायकांच्या आरोग्याची बाजू बघणं, त्या खुर्चीवर बसून गप्प राहायचं नाही, एवढंच. २०२५ मध्ये त्या गेल्या, तेव्हा मी त्यांचं ते निवेदन पुन्हा वाचलं. मोजून चार ओळींत मावणारी गोष्ट होती.

राजीनाम्याने जादू झाली नाही. पण सगळ्यांचं लक्ष गेलं. ऑगस्ट २००६ मध्ये अठरा वर्षांवरच्यांना गोळी चिठ्ठीशिवाय मिळू लागली. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश एडवर्ड कॉर्मन यांनी निकाल दिला, की एफडीएने या प्रकरणात राजकीय दबावापुढे मान तुकवली. वयाची अट सतरावर आली. तोवर सरकार बदललं होतं, बराक ओबामा आले होते. म्हणजे आता सगळं सुरळीत?

नाही ना! इथेच ही गोष्ट माझ्या दृष्टीने जास्त शहाणी होते. डिसेंबर २०११ मध्ये एफडीएच्या प्रमुख डॉ. मार्गारेट हॅम्बर्ग वयाची अट पूर्ण काढायला तयार होत्या. पुरावा बघून झाला होता. तेव्हा ओबामांच्याच आरोग्यमंत्री कॅथलिन सेबेलियस यांनी त्यांचा निर्णय फिरवला. आणि दोन मुलींचा बाप म्हणून ओबामांनी त्याला पाठिंबा दिला. च्युइंगम आणि बॅटरीच्या शेजारी ही गोळी मिळावी, हे त्यांना काही रुचेना. पुढच्याच वर्षी निवडणूक होती. म्हणजे देवधर्मवाले असोत की पुरोगामी, बाईच्या शरीराचा प्रश्न आला की दोघांनाही एकदम डेटा अपुरा वाटायला लागतो.

एप्रिल २०१३ मध्ये त्याच न्यायाधीशांनी पुन्हा सरकारला झापलं आणि जून २०१३ मध्ये प्लॅन बीचा एका गोळीचा प्रकार वयाच्या अटीशिवाय खुला झाला. अर्ज एप्रिल २००३ चा. बहात्तर तासांत घ्यायच्या गोळीला दहा वर्षं लागली. डिसेंबर २०२२ मध्ये एफडीएने वेष्टणावरची माहितीही दुरुस्त केली, की ही गोळी फलित अंड्याच्या रुजण्यावर परिणाम करत नाही.

आता म्हणाल, हे अमेरिकेचं रामायण आम्हाला कशाला? थांबा. ज्या २००५ मध्ये सुझन वुड घरी गेल्या, त्याच २००५ मध्ये आपल्या सरकारने ही गोळी चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. होय, आपल्या! मी तेव्हा तिसरीत होते. दोन वर्षांनी ‘आय-पिल’ बाजारात आली आणि तिची जाहिरात टीव्हीवर लागली की आमच्या घरात रिमोट शोधायची धावपळ सुरू व्हायची, एवढं मला पक्कं आठवतं.

मग आपण अमेरिकेपेक्षा पुढारलेले का? कॉलेजात मी छाती फुगवून तसंच सांगायचे. एकदा आत्यासमोर बोलले. आत्या सोलापूर जिल्ह्यात आरोग्यसेविका होती, पायाला भिंगरी लावून गावं पालथी घातलेली. ती हसली. म्हणाली, ‘‘अगं, सरकारला पोरं कमी हवी होती, म्हणून गोळी आली. तुला हवी होती म्हणून नाही.’’

तिचं वाक्य मी तपासून पाहिलं. भारताने १९५२ मध्येच सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, जगात सगळ्यात आधी. लोकसंख्या कमी करायची ही आपली सरकारी विचारसरणी. गोळी तिच्या सोयीची होती, म्हणून दार उघडं मिळालं. पण जिथे विज्ञान सोयीचं नव्हतं तिथे काय झालं? नसबंदी बघा. पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी, कमी धोक्याची, हे कुठलाही सर्जन सांगेल. आणीबाणीत १९७६-७७ च्या एका वर्षात साठ लाखांहून जास्त पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, कित्येक जबरदस्तीने. १९७७ मध्ये सरकार पडलं. राजकारण्यांनी एक धडा घेतला, की पुरुषाला हात लावायचा नाही. मग सगळा भार बायकांवर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नसबंदी केलेल्या बायका ३७.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के! हे विज्ञानाने ठरवलेलं प्रमाण नाही, मतपेटीने ठरवलेलं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि त्यानंतर तेरा जणींचा जीव गेला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा.

आत्याच्या शब्दांत, ‘‘गड्याला समजवायला गेलं की तो म्हणणार माझी ताकद जाईल. मग काय, बाईलाच टेबलावर घ्यायचं. तिला कोण विचारतंय?’’

आणि कायद्याने दार उघडं असलं, तरी दारात कोण उभं आहे तेही बघावं लागतं. चार वर्षांपूर्वी माझ्या फ्लॅटमेटला ही गोळी हवी होती. अंधेरी, रात्रीचे साडेदहा, मुसळधार पाऊस. पहिल्या केमिस्टने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘‘डॉक्टरची चिठ्ठी लागेल.’’ लागत नाही. मी तसं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, ‘‘मग मिस्टरांना पाठवा ना मॅडम.’’ मागे उभ्या असलेल्या काकांनी खोकून घेतलं. दुसऱ्या दुकानात ‘स्टॉक नाही’. तिसऱ्या दुकानातल्या विशीतल्या पोराने काही न विचारता गोळी दिली, सुटे पैसे दिले आणि तितक्याच सहजपणे पुढच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं. त्या पोराला मिठी माराविशी वाटली होती. फ्लॅटमेट मात्र घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मुंबईत, इंग्रजी बोलणाऱ्या, स्वतःच्या पगारावर जगणाऱ्या मुलीची ही गत. तालुक्याच्या गावात काय होत असेल?

मराठी माणसाला तर हे सगळं नवीन वाटायला नको. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. गणिताचे प्राध्यापक होते, पण त्या कामापायी नोकरी गेली. १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही नामंजूर झाला. गिरगावातला गणिताचा प्राध्यापक आणि वॉशिंग्टनजवळची सरकारी अधिकारी, दोघांच्या मध्ये ऐंशी वर्षं. दोघांचीही नोकरी गेली ती एकाच हट्टापायी, की बाईच्या शरीराबद्दल जे खरं आहे ते खरं म्हणायचं.

विज्ञान कधीच चुकत नाही, असं मला म्हणायचं नाही. औषधांच्या बाबतीत घाई महागात पडते आणि कधी कधी ‘अजून अभ्यास हवा’ हे अगदी खरं असतं. मग खरं थांबणं आणि मुद्दाम थांबवणं ओळखायचं कसं? त्या अहवालाने मला तीन प्रश्न शिकवले. पहिला, ज्यांनी तपासणी केली त्यांचीच सही आहे, की वरच्या कुणाची? दुसरा, हाच प्रश्न दुसऱ्या औषधाला, दुसऱ्या माणसांना विचारला होता का? तिसरा, काय मिळालं की थांबणं संपेल, हे कुणी स्पष्ट सांगतंय का, की एक अट पूर्ण केली की दुसरी निघतेय?

सरळ रस्ता असतोही. मे २०२३ मध्ये अमेरिकेत रोजची गर्भनिरोधक गोळी चिठ्ठीशिवाय द्यावी का, हा प्रश्न एफडीएच्या सल्लागारांपुढे आला. १७ विरुद्ध ० मतांनी होकार मिळाला. जुलै २०२३ मध्ये परवानगी, वयाची अट नाही. दोन महिने! तीच एफडीए, तसाच विषय. म्हणजे करायचं असलं की करता येतं.

आपल्यातले बहुतेक जण सरकारी फायलींवर सह्या करत नाहीत. पण आपण फार्मा कंपनीत असतो, बातम्या लिहितो, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवतो, ऑफिसची मेडिकल पॉलिसी ठरवणाऱ्या मीटिंगमध्ये बसतो. त्या पॉलिसीतून बायकांचा एखादा खर्च ‘सध्या नको, नंतर बघू’ म्हणून वगळला जातो तेव्हा आपण समोसा खात असतो. दर वेळी राजीनामाच द्यायला हवा असं नाही, ईएमआय सगळ्यांनाच आहेत. पण वरचे तीन प्रश्न विचारायला नोटीस पीरियड लागत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये कुणी ‘जरा थांबू या’ म्हणालं, तर एवढंच विचारा, ‘‘कशासाठी? आणि कधीपर्यंत?’’